वीतभर मोटार

दिवाळी जवळ आली, की महाराष्ट्रातील अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांच्या आधाराने मुले चिखलाचे डोंगर रचतात, त्यांवर तट आणि बुरूज बांधतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात आणि शेवटी मावळ्यांची चित्रे मांडतात. या उद्योगाला कोणी रिकामटेकडेपणा म्हणत नाही. परंतु तेच मूल टेबलाशी बसून एखाद्या मोटारीची छोटी प्रतिकृती तयार करू लागले आणि तिच्या वीतभर अंगावर आठवडेच्या आठवडे खर्च करू लागले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. "मोठा झालास, तरी अजून खेळण्यांतच रमतोस काय? एवढ्या वेळात दोन धडे पाठ झाले असते!" असे उद्गार ऐकू येतात. या आक्षेपात कितपत तथ्य आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. खेळण्यातल्या मोटारीला चार चाके असली आणि ती जमिनीवर धावली, की मुलाचे समाधान होते. चाके वाजवीपेक्षा मोठी असली किंवा दारे नुसती रंगवलेली असली, तरी काही बिघडत नाही. प्रतिकृतीला ही सवलत नाही. मूळ मोटारीचा प्रत्येक भाग एकाच ठरावीक पटीने लहान झाला पाहिजे. या पटीलाच प्रमाण असे म्हणतात. एकास पंचवीस हे प्रमाण घेतले, तर चार मीटर लांबीची मोटार १६ सेंटिमीटरांची होते आणि तिच्या शेजारी उभा करावयाचा १७५ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य अवघा ७ सेंटिमीटरांचा होतो.

निरनिराळ्या देशांत निरनिराळी प्रमाणे रूढ झाली आहेत. एकास चोवीस हे प्रमाण फूट आणि इंच वापरणाऱ्यांना सोयीचे, कारण त्यात खऱ्या मोटारीचा एक फूट प्रतिकृतीत बरोबर अर्धा इंच होतो. एकास त्रेचाळीस हे प्रमाण मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे मूळ आगगाडीच्या प्रतिकृतींत आहे. ब्रिटनमधील हौशी लोक एका प्रकारच्या लहान आगगाड्या एका फुटास सात मिलिमीटर या हिशेबाने करीत असत. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर असतात. त्यांना सातांनी भागले, की त्रेचाळीस आणि वर थोडे उरते. अशा आगगाडीच्या स्थानकाबाहेर उभ्या करावयाच्या मोटारी त्याच प्रमाणात असणे ओघानेच आले.

प्रमाणाचा हा कायदा रंगालाही लागू आहे. एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु तोच एकास पंचवीस प्रमाणाच्या प्रतिकृतीवर बसला, म्हणजे खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरांचा लेप चढवल्यासारखे होते. दारांच्या फटी बुजतात आणि कडा बोथट होतात. म्हणून जाणते कारागीर पातळ रंगाचा एक हात देतात, तो पूर्ण वाळू देतात आणि मगच दुसरा हात देतात. गणिताच्या पुस्तकातील गुणोत्तराचे उदाहरण चुकले, तर वहीवर एक फुली पडते. येथे ते चुकले, तर सारी मोटारच बेढब दिसते आणि ती चूक कोणी दाखवून देण्याची गरजही उरत नाही.

या छंदाचा खरा लाभ मात्र हातांच्या आधी डोळ्यांना होतो. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके प्रीमियर पद्मिनी नावाच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी धावत होत्या. ही मोटार मुंबईतच, कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली. २००३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ सालच्या ऑक्टोबरात संपली आणि त्या टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. त्यांतून शेकडो वेळा प्रवास केलेल्या गृहस्थाला विचारावे, की भाडे मोजणारे जुने मीटर नेमके कोठे बसवलेले असे? टपावरील सामानाच्या कठड्याला किती आडव्या पट्ट्या होत्या? पिवळा रंग कोठे संपून काळा कोठे सुरू होत असे? बहुधा तो गृहस्थ गोंधळून जाईल. मीटर गाडीच्या बाहेर, पुढच्या बाजूस डाव्या हाताला होते, हे ज्याने त्या टॅक्सीची प्रतिकृती केली, तो कधीही विसरणार नाही. कारण ते मीटर त्याला स्वतःच्या हातांनी तेथे बसवावे लागले. नुसते पाहणे आणि निरखून पाहणे यांत जे अंतर आहे, ते प्रतिकृती करताना कळते. शिवाय, रस्त्यावरून गेलेली वस्तू अशा एखाद्या टेबलावर जिवंत राहते, हा लाभ वेगळाच.

जपानमधील शिझुओका या शहरात तामिया नावाचा प्रतिकृतींचा प्रसिद्ध कारखाना आहे. पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची एकास बारा प्रमाणातील प्रतिकृती या कारखान्याने १९७६ साली बाजारात आणली. तिची तयारी करताना छायाचित्रांवर भागेना, तेव्हा कारखान्याच्या शुन्साकु तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ मोटार विकत घेतली आणि आतील रचना समजावून घेण्यासाठी ती सुटी करविली. लहान वस्तू बिनचूक करावयाची, तर मोठ्या वस्तूला जाऊन भिडावे लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. प्रत्येकाला मोटार विकत घेऊन सुटी करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन दारातल्या मोटारीभोवती अर्धा तास फिरणे कोणालाही शक्य आहे.

डोळ्यांच्या मागोमाग धीराची परीक्षा येते. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडण्याचा द्रव हा साध्या गोंदासारखा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. त्यामुळे जोड भक्कम होतो खरा. पण त्या द्रवाचे बोट पारदर्शक काचेला लागले, तर तो डाग कायमचा राहतो. भाग कापावा, कानशीने घासावा, पॉलिशपेपरने गुळगुळीत करावा, न चिकटवता जागेवर बसवून पाहावा आणि मगच जोडावा, हा क्रम सोडून चालत नाही. रंग आणि हे द्रव वापरताना खिडकी उघडी ठेवावी लागते आणि पात्याशी काम करताना वडीलधारे माणूस जवळ असावे लागते. उतावळ्या मुलाच्या दोन मोटारी बिघडतात. तिसरीच्या वेळी तो आपोआप सावकाश काम करू लागतो. हा धडा पाठ करून येत नाही.

मोठ्या मोटारींचा जन्म पुष्कळदा अशा लहान नमुन्यांतूनच होतो, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९२७ साली मोटारींच्या रूपाचा विचार करणारा स्वतंत्र विभाग काढला. त्याचे प्रमुख हार्ली अर्ल हे खास मातीचे नमुने घडवून घेत आणि मोटारीचा आकार त्यांवर ठरवीत. पुढे १९३० साली, सारे जग मंदीने गांजलेले असताना, याच कंपनीच्या फिशर बॉडी या शाखेने मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. तिचे नाव 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड', म्हणजे कारागिरांचे मंडळ. आरंभी मुलांना नेपोलियनच्या काळातील एका शाही घोडागाडीची प्रतिकृती करावयास सांगितले जाई. त्या गाडीची मोजमापांची रेखाचित्रे मंडळ पुरवीत असे. चाके, दारे, गाद्या आणि नक्षी मुलांनी घडवावयाची. शेकडो तासांचे हे काम असे. नंतर स्वतःच्या कल्पनेतील मोटारीचा नमुना करण्याची स्पर्धा निघाली. विजेत्यांना विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. १९४७ साली चार्ल्स जॉर्डन या तरुणाने त्यात यश मिळविले. तो पुढे जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि १९८६ ते १९९२ या काळात तेथील आरेखन विभागाचा प्रमुख होता. १९६८ साली ही स्पर्धा बंद पडली.

या मंडळाचे गुणगान करताना त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करू नये. स्पर्धा भरविण्यात कंपनीचाही स्वार्थ होता. तिचे नाव घरोघर पोहोचत होते आणि होतकरू कारागीर तिच्या नजरेस पडत होते. त्याहून मोठा दोष असा, की तेथे केवळ मुलग्यांना प्रवेश होता. कानस धरणारा हात मुलाचा की मुलीचा, याच्याशी प्रतिकृतीला काही कर्तव्य नसते. जवळजवळ चार दशके ज्या मुलींना त्या दारातून परत फिरावे लागले, त्यांच्यातील किती कारागीर जगाला दिसलेच नाहीत, याचा हिशेब कोणीही देऊ शकणार नाही. आजच्या शाळांनी तरी ही चूक करता कामा नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हजारो मुलांतून शिष्यवृत्ती मिळाली ती थोड्यांना. मग उरलेल्यांचे श्रम वाया गेले काय? बक्षीस हेच फळ मानले, तर या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागेल. परंतु शेकडो तास एका कामाशी एकनिष्ठ राहिलेला मुलगा स्पर्धेपूर्वीचा मुलगा राहत नाही. त्याच्या बोटांत आलेले कौशल्य परीक्षकाला काढून घेता येत नाही. म्हणूनच प्रदर्शन कसे भरवावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. काही ठिकाणी पहिला, दुसरा आणि तिसरा असे क्रमांक काढतात. काही ठिकाणी कामाची पातळी आधी ठरवून देतात आणि जी प्रतिकृती त्या पातळीला पोहोचेल, तिला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक देतात. मग अशा प्रतिकृती दोन असोत वा दहा. मुलांच्या प्रदर्शनासाठी दुसरी रीतच अधिक योग्य होय. पहिल्या रीतीत मूल शेजाऱ्याच्या मोटारीत दोष शोधू लागते. दुसऱ्या रीतीत ते स्वतःच्या मोटारीतील दोष शोधते.

जाणते परीक्षक प्रतिकृतीच्या चकाकीला भुलत नाहीत. चारही चाके जमिनीला टेकतात काय, दोन भागांचा सांधा दिसतो काय, चिकटवलेल्या द्रवाचे ओघळ राहिले आहेत काय, हे ते बॅटरीचा उजेड टाकून पाहतात. यापुढे आणखी एक कसोटी शाळेतील प्रदर्शनात लावली पाहिजे, आणि ती सर्वांत अवघड आहे: हे काम कोणाचे? कित्येकदा एखाद्या टेबलावर अतिशय देखणा नमुना मांडलेला असतो. पाहुणे थांबतात आणि कौतुकाने विचारतात, "बाळ, या चाकाचा आस तू कशाचा केलास?" मूल खाली पाहू लागते, कारण तो नमुना वडिलांनी केलेला असतो किंवा दुकानातून आणलेला असतो. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक ओबडधोबड टॅक्सी उभी असते. तिचे एक चाक किंचित तिरपे असते. पण तिची मालकीण न विचारता सांगते, की आस छत्रीच्या तारेचा आहे, चाके औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची आहेत आणि तिरपे चाक पुढच्या खेपेस कसे सरळ करावयाचे हेही तिला ठाऊक आहे. यांपैकी खरे प्रदर्शन कोणाचे?

वडिलांची मदत घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. करवत चालविणे त्यांनी शिकवावे, अवघड जागी हात द्यावा. परंतु प्रत्येक प्रतिकृतीपाशी एक चिठ्ठी असावी आणि तीवर कोणते काम स्वतः केले, कोणते दुसऱ्याने केले आणि कोणते भाग विकत आणले, हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. अशा चिठ्ठीने कोणाचाही कमीपणा होत नाही; उलट पाहणाऱ्याचा विश्वास वाढतो. ज्याने सांध्यावरचा ओघळ लपविला नाही, त्याला दुसऱ्याचे श्रमही लपवावेसे वाटू नयेत.

हा छंद महाग आहे, असा आणखी एक आक्षेप घेतला जातो. परदेशातून येणारे तयार भागांचे संच महाग असतात, यात संशय नाही. परंतु पुठ्ठा, आगपेट्या, टाकाऊ पत्रा आणि बांबूच्या कामट्या यांना फारसे पैसे पडत नाहीत. प्रमाण पुठ्ठ्याच्या मोटारीलाही तेच लागते आणि सचोटीही तीच लागते. अभ्यासाचा वेळ छंदाने खाऊ नये, हे मात्र सर्वस्वी खरे. सुटीचे दोन तास आणि वाचनाचे दोन तास यांची गल्लत करणारा मुलगा प्रमाण शिकला, असे म्हणता येणार नाही.

वीतभर मोटारीत बसून कोणी गावाला जात नाही. ती फडताळावर उभी राहते आणि तिच्यावर धूळ बसते. परंतु ती तयार करताना जे मूल मोजावयास शिकले, निरखावयास शिकले, बिघडलेले पुन्हा करावयास शिकले आणि 'एवढे माझे, एवढे दुसऱ्याचे' असे चार लोकांसमोर सांगावयास शिकले, त्याचा वेळ वाया गेला, असे कोणत्या वडीलधाऱ्याला म्हणता येईल?