एवढ्या पैशात अजून काय हवं होतं?

मंडळी, ॲमस्टरडॅमच्या हॉस्टेलची कथा फोनवर सांगून सांगून दमलो, म्हणून इथेच लिहून टाकतोय. सगळं ऐकून झालं की मामापासून मावशीपर्यंत प्रत्येकजण एकच विचारतो, "अरे, एवढ्या पैशात अजून काय हवं होतं?" माझं भांडण त्या हॉस्टेलशी कमी आणि या वाक्याशी जास्त आहे.

आठ जणांच्या खोलीत वरची कॉट, याबद्दल तक्रार नाही. चिकलठाणा एमआयडीसीत नोकरीला लागताना कॉट बेसिसवर राहिलेल्या माणसाला गर्दीचं काय कौतुक! तक्रार हिशोबाची आहे. बुकिंग करताना एक भाव. पोचल्यावर चादरीचे वेगळे, टॉवेलचे वेगळे, कुलपाचे वेगळे. खोली दुपारी तीनला मिळणार, तोवर बॅग ठेवायचेही वेगळे! आणि गादीवर आदल्या पाहुण्याचे केस, ते मात्र फुकट. तिथला पर्यटक कर २०२४ पासून साडेबारा टक्के आहे, तो मुकाट भरला. कर शहराचा असतो. पण चादरीशिवाय कॉट विकणं म्हणजे जेवणाचे पैसे घेऊन ताटाचं भाडं वेगळं मागणं.

निघून जावं म्हटलं तर भरलेले पैसे बुडाले. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते, पण ठरल्या तारखेच्या मुक्कामाला तो नियम लागू नाही.

आधी कमी भाव दाखवायचा आणि मग थेंबाथेंबाने वाढवायचा, याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात हीसुद्धा आहे. म्हणजे ही माझी किरकिर नव्हे.

आणि स्वस्त म्हणजे हलकं, हे ठरवलं कुणी? रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शिक्षक १९०९ साली मुलांना पायी सहलीला घेऊन गेला. वादळात सापडल्यावर एका शाळेत रात्र काढावी लागली आणि त्यातून त्याला हॉस्टेलची कल्पना सुचली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांनाही जग बघता यावं, हा त्यामागचा हेतू.

एवढं लांब कशाला, आपली पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी, दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून जातं फिरवलं, ते फकीर आणि यात्रेकरूंच्या पिठासाठी. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यासाठी केवढी ही खटपट!

आता स्वतःकडे बघू. वेरूळ-अजिंठा बघायला चिकलठाण्याला उतरलेला पाहुणा स्वस्त लॉजमधल्या मळक्या उशीबद्दल बोलला, तर आपणही हेच म्हणणार ना? एमआयडीसीतल्या कामगारालाही आपण हेच ऐकवतो. हे वाक्य मालकाने म्हणण्याची गरजच उरत नाही, आपणच त्याच्या वतीने म्हणतो.

कमी पैशात खोली लहान मिळावी, पंखा एकच मिळावा, नाश्ता मिळू नये, सगळं मान्य. पण स्वच्छ चादर आणि खरा भाव या चैनीच्या गोष्टी नाहीत. असो. मावशी, यावर फोन करणार असशील तर ते वाक्य सोडून काहीही बोल :)