गाडीला ताप येतो तेव्हा

मुलांनो, आमचं वरंध गाव घाटाच्या पायथ्याशी. महाडहून भोरला जाणारी वाहनं आमच्या गावावरून पुढे जातात आणि वरंधा घाट चढू लागतात. परवा चौथीतल्या एका पठ्ठ्यानं विचारलं, "गुरुजी, घाटात गाडीच्या नाकातनं धूर का निघतो?"

"अरे, तो धूर नव्हे, वाफ!" मी म्हटलं. आणि मला माझ्या मामाचा हात आठवला.

मी तेव्हा तुमच्याएवढाच होतो. भोरला मावशीचं लग्न होतं. भाड्याची जीप, आत दाटीवाटीनं पंधरा माणसं, टपावर बोचकी आणि वर मे महिन्याचं ऊन! माझेरी मागे पडली, चढ लागला. वाघजाईच्या देवळाच्या थोडं अलीकडे बॉनेटमधून 'फस्स' आवाज झाला आणि वाफेचा लोट निघाला. मुहूर्ताची वेळ जवळ आलेली. मामाची नुसती घालमेल! ड्रायव्हरकाका "दादा, हात लावू नका" म्हणेपर्यंत त्यानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलंसुद्धा. उकळतं पाणी कारंज्यासारखं उसळलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बहिणीच्या लग्नाऐवजी मामा महाडच्या दवाखान्यात! तो डाग आजही आहे.

आता बघू या, गाडी तापते कशी. इंजिनात इंधन जळतं. त्यातून निघणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा गाडी पळवायच्या कामी येतो. बाकीची काही सायलेन्सरवाटे बाहेर जाते, काही इंजिनाच्या धातूत उतरते. ती काढून घेतली नाही, तर धातू फुगतो, तेल पातळ होतं आणि इंजिन जाम होतं. म्हणून इंजिनाभोवती सतत पाणी खेळवतात. एक पंप हे तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये ढकलतो. तिथे बारीक नळ्या आणि पातळ पत्रे असतात. आजोबा चहा बशीत का ओततात? पसरला की लवकर निवतो म्हणून. रेडिएटर म्हणजे गाडीची बशीच! आणि फुंकर घालायला पंखा असतो, शिवाय समोरून येणारा वारा.

घाटात नेमकं उलटं होतं. ओझं वर चढवायचं म्हणून इंजिनाला कष्ट जास्त, पण वेग कमी, म्हणून वारा कमी. त्यात ऊन आणि जादा माणसं. मग ताप येणारच!

मग झाकण उघडलं तर पाणी उसळतं का? आईचा कुकर आठवा. उघड्या भांड्यात पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. शेजारच्या उंच महाबळेश्वरला तर सुमारे ९५ अंशांनाच. पण घट्ट झाकणाखाली दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. झाकण काढलं की दाब गेला! तेच पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. नव्या गाड्यांत हे झाकण बहुधा प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं. तेही तितकंच धोक्याचं, बरं का!

तेव्हा तापमानाचा काटा वर चढू लागला, तर काय करायचं? आधी एसी बंद. हीटर असेल तर तो चालू करायचा. हसू नका! हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो. मग जागा पाहून गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चाकामागे दगड लावायचा (निघताना तो रस्त्यातून उचलायलाही विसरायचं नाही!). मुलांनी रस्त्यापासून दूर उभं राहायचं. निदान अर्धा तास तरी थांबायचं. तापल्या इंजिनावर गार पाणी मुळीच ओतायचं नाही. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर तो तडकतो ना, तसं इंजिनही तडकू शकतं.

पूर्ण निवल्यावर मोठी माणसं तपासणी करतात. खाली पाणी ठिबकतंय का? रबरी नळी फाटली असेल. पंख्याचा पट्टा तुटलाय का? पंखा फिरतो ना? रेडिएटरच्या जाळीत चिखल, पालापाचोळा अडकलाय का? सगळं ठीक असूनही गाडी तापली, तर कदाचित थर्मोस्टॅट अडकला असेल. ही पाण्याच्या वाटेवरची झडप. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास तापलं की ती उघडते. ती उघडलीच नाही, तर पाणी रेडिएटरकडे जाणार कसं? इथे मात्र मेकॅनिकच हवा. आणि हो, सांडलेल्या रंगीत कूलंटला हात लावू नका. ते चवीला गोड, पण विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनाही लांब ठेवा.

ही कटकट आजकालची नाही. १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ या बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या नव्याकोऱ्या मोटारीतून सुमारे १०० किलोमीटरवरच्या माहेरी निघाल्या. त्या गाडीतलं पाणी उकळून उडून जाई, म्हणून वाटेत सारखं पाणी भरावं लागलं. चढावर तर मुलांनी गाडी ढकलली! पण पोचले सुखरूप.

घरी मोठ्यांसमोर एक प्रयोग करून पाहा. कपात आणि ताटलीत सारखंच कोमट पाणी घ्या. दहा मिनिटांनी बोट बुडवा. आधी कोणतं निवलं?

त्या दिवशी जीपमध्ये आम्ही पोरं गप्प बसलो होतो. तुम्ही गप्प बसू नका. कुणी घाईनं झाकणाकडे हात नेला, तर मोठ्यानं ओरडा, "मामा, थांबा!" मोठी माणसं रागावतील कदाचित. रागावू देत. हात तर वाचेल!