भरल्या खांद्यास वाट

प्रवासाहून परतलेल्या माणसास आपल्या घरांत दोन प्रश्न हटकून विचारले जातात: काय पाहिलें आणि काय खाल्लें. जावा बेटाहून आल्यावर पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं तत्काळ दिलें. दुसऱ्याच्या वेळीं मात्र चहांत साखर घालणारा आमचा हात क्षणभर थबकला. तो कां थबकला, हेंच या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे.

जाव्याच्या पूर्व टोकास बन्युवांगी नांवाचें शहर आहे. तेथील एका स्वस्त उतारशाळेंत आमचा मुक्काम होता. पाठीवर एक पिशवी टाकून देशोदेशीं हिंडणारी तरुण मंडळी अशाच ठिकाणीं भेटते. आम्हांस एक डच मुलगी, अर्जेंटिनाचें एक जोडपें आणि एक अबोल जपानी विद्यार्थी अशी सोबत मिळाली. वयानें आम्ही त्या सर्वांहून बरेच वडील. पण पिशवी पाठीवर चढली कीं वडीलपणाचा मान उतरतो, हें पहिल्याच तासांत कळून आलें.

मध्यरात्रीं निघून आम्ही कवाह इजेन या ज्वालामुखीच्या पायथ्याशीं पाल्तुडिंग येथें पोहोंचलों. स्थळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या ८ अंशांवर. म्हणून लोंकरीची बंडी आम्हीं घरींच ठेवली होती. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० मीटर उंचीवर विषुववृत्त मदतीस येत नाहीं! आमचे दांत वाजूं लागलेले ऐकून डच मुलीनें निमूटपणें आपली शाल आमच्या अंगावर टाकली. पुढें सुमारें ३ किलोमीटर चढण. पाठीवरच्या ९ किलोच्या पिशवीविषयीं आम्हीं वाटेंत किती वेळां कुरकुर केली, तें येथें न सांगणेंच बरें.

विवराच्या कांठावरून आंत उतरलों, तों काळोखांत निळ्या ज्वाळा नाचतांना दिसल्या. भेगांतून बाहेर पडणारे गंधकाचे तप्त वायु हवेशीं गांठ पडतांच पेट घेतात. त्यांचीच ही निळी आग. सूर्य उगवला कीं ती दिसेनाशी होते. उजाडतांच खालीं हिरवट निळें सरोवर उघडें झालें. रूपानें असें कीं ओंजळ भरून घ्यावी. पण तें पाणी नव्हे, तीव्र आम्ल आहे. जगांतील अति आम्लधर्मी सरोवरांत हें फार मोठें गणलें जातें. २०२३ साली युनेस्कोनें या प्रदेशास जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला, तो यथार्थच होय.

परंतु आमच्या मनांत राहिली आहे ती ही शोभा नव्हे. भेगांवर बसविलेल्या नळांतून वायु खालीं आणतात. तो थिजतांना प्रथम लालभडक रस गळतो आणि निवल्यावर त्याचा पिवळाजर्द गंधक होतो. मजूर तो पहारीनें फोडतात, बांबूच्या दोन टोपल्यांत भरतात आणि कावड खांद्यावर घेऊन त्या धुरांतून विवराची उभी भिंत चढतात. एका खेपेस ७० ते ९० किलो; मजुरी वजनावर.

वर परततांना अरुंद वाटेच्या मधोमध उभे राहून आम्ही सरोवराचें छायाचित्र घेत होतों. मागें कोणाचा तरी श्वास जोरानें वाजत होता, तिकडे आमचें लक्षच नव्हतें. वाटाड्यानें कोपर धरून आम्हांस बाजूस ओढलें, तेव्हां दिसलें कीं भरली कावड घेऊन एक मजूर आमच्यासाठीं खोळंबला आहे. ओझें खालीं ठेवावें, तर त्या उतारावर पुनः उचलणें कठीण. म्हणून तो तसाच उभा होता. बोलला कांहींच नाहीं.

कांठावर त्यानें कावड टेकली, तेव्हां आम्हीं ती उचलून पाहिली. ती जमिनीवरून हाललीसुद्धां नाहीं! ओशाळून आम्हीं कांहीं पैसे पुढें केले. त्यानें ते संकोचावांचून घेतले. आणि वाटाड्याकरवीं एवढेंच सांगितलें कीं, पुढच्या वेळीं वाट सोडलीत तर अधिक बरें.

खालीं उतरल्यावर काळ्या कॉफीचे पेले आले. या गंधकाचें काय होतें, असें आम्हीं विचारलें. वाटाड्यानें साखरेच्या वाटीकडे बोट दाखविलें. उंसाचा रस निवळून साखर शुभ्र व्हावी म्हणून त्यांत गंधकाचा धूर सोडतात. जाव्यांतील साखर कारखान्यांस हा गंधक जातो. आपल्याकडील पुष्कळ कारखान्यांची रीतही हीच. तेथें साखरेला 'गुला' म्हणतात; संस्कृतांतील गुड आणि आपला गूळ यांचाच तो भाऊबंद. १९३२ साली आपल्याकडे साखरधंद्यास संरक्षण मिळण्यापूर्वीं जाव्याची साखर हिंदुस्थानांत जहाजें भरभरून येत असे. तेव्हां हें नातें केवळ शब्दाचें नव्हतें. पेल्यापर्यंत पोहोंचलेलें होतें.

आज आपल्या घरांतील साखर इजेनच्या गंधकानें धुतलेली नसेल. आणि साखर सोडून ती कावड हलकी होईल, असेंही नाहीं. त्या मजुरानें दया मागितली नव्हती, वाट मागितली होती. भरली घागर घेऊन येणाऱ्या बाईस आधीं जाऊं द्यावें, ही शिकवण आमच्या आजीनें आम्हांस अंगणांतच दिली होती. तीच शिकण्यास आम्हांस समुद्र ओलांडून विवरांत उतरावें लागलें.

परवां आमच्या जिन्यांत गॅसची टाकी खांद्यावर घेऊन एक मुलगा वर येत होता. आम्ही शेजाऱ्यांशीं बोलत मध्येंच उभे होतों. या खेपेस कोणास आमचें कोपर धरावें लागलें नाहीं.