एका चिकटवहीची कैफियत

महाविद्यालयास पन्नास वर्षें भरलीं कीं एक समिति नेमली जाते, ती समिति एक स्मरणिका काढते, आणि त्या स्मरणिकेंत संस्थेचा इतिहास म्हणून जें छापलें जातें त्यास इतिहास म्हणण्यापेक्षां लग्नपत्रिका म्हणणें अधिक शोभेल. आरंभीं संस्थापकांचें छायाचित्र, मागोमाग देणगीदारांची नामावळी, मग ज्या प्राचार्यांच्या कारकीर्दींत जी इमारत उठली तिचा तपशील, निकालाचे आंकडे, आणि शेवटीं जाहिराती. भांडण नाहीं, तंटा नाहीं, नापास झालेला एकहि विद्यार्थी नाहीं. शेंकडों माणसें अर्धें शतक एका आवारांत नांदलीं आणि त्यांच्यांत कधीं वांकडा शब्द निघाला नाहीं, हा चमत्कार आमच्या प्रत्येक तालुक्याच्या गांवीं घडत आलेला दिसतो! असल्या स्मरणिका मीं निदान पंचवीस तरी वाचल्या असतील. दोन मीं स्वतः लिहिल्या आहेत. तेव्हां या पापांत माझाहि वांटा आहे, हें प्रथमच कबूल करून टाकतों.

प्रस्तुत लेखाचें निमित्त असें. मराठवाड्यांतील एका महाविद्यालयांत माझे एक स्नेही १९६४ सालीं मराठी शिकवावयास गेले आणि १९९५ सालीं तेथूनच निवृत्त झाले. रुजू झाल्यापासून त्यांनीं एक चिकटवही ठेविली. एक भरली कीं दुसरी, अशा अकरा वह्या झाल्या. व्यापाऱ्यांच्या खतावणीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या त्या वह्यांत कणकेच्या खळीनें त्यांनीं जें जें डकवून ठेविलें त्याची मोजदाद करणें कठीण आहे. वृत्तपत्रांतील कात्रणें तर आहेतच. परंतु फलकावरून उतरलेल्या सूचना, खानावळीचे हिशेब, स्नेहसंमेलनांतील नाटकाचीं हस्तलिखित निमंत्रणें, रजेचे अर्ज आणि ग्रंथालयाच्या दंडाच्या पावत्याहि आहेत. खळीमुळें कसरीनें बरींच पानें चाळणीसारखीं केलीं आहेत, आणि सहाव्या वहीचा अर्धा भाग एका पावसाळ्यांत घरावरील पत्रा गळून धुवून गेला आहे.

हें सर्व किरकोळ वाटेल. परंतु १९७२ च्या दुष्काळाचीं पानें उघडून पाहावीं. वसतिगृहाच्या खानावळींत ज्वारीच्या जागीं मिलो आली, ती तारीख तेथें आहे. पुढें खानावळ बंद झाल्याची सूचना आहे. त्यापुढें एका विद्यार्थ्याचा अर्ज आहे. आईबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जात असल्यामुळें तासांस येतां येत नाहीं, तरी हजेरी माफ व्हावी, एवढाच मजकूर. आणि अर्जाच्या कोपऱ्यांत प्राचार्यांनीं मंजुरीची सही केलेली आहे. त्या प्राचार्यांच्या नांवें महाविद्यालयांत आज एक सभागृह उभें आहे व त्यांच्या प्रशासनकौशल्याविषयीं स्मरणिकेंत दोन पानें खर्चीं पडलीं आहेत. त्या दोन पानांपेक्षां अर्जावरच्या एका सहीनें मला ते गृहस्थ अधिक कळले. आणीबाणीच्या काळांतील एका भित्तिपत्रकाचा तुकडाहि वहींत आहे. त्यांतील मधला रकाना कोरा आहे. त्यावर टीपेची गरज नाहीं, आणि माझ्या स्नेह्यांनींहि ती लिहिलेली नाहीं.

ते वारल्यावर त्यांच्या कन्येनें या अकरा वह्या महाविद्यालयास देऊं केल्या. सुवर्णमहोत्सवाच्या समितीस त्या दाखविण्यांत आल्या, आणि समितीस फार आनंद झाला. चार दिवसांनीं निरोप आला कीं, वह्या संस्था स्वीकारील, कांचेच्या कपाटांत ठेवील, कपाटावर प्राध्यापकांचें नांवहि घालील; फक्त सातव्या वहींतील १९७८ सालचीं पानें तेवढीं आधीं काढून घ्यावीं. जुन्या गोष्टी उकरून काढण्यांत अर्थ नाहीं, आतां सर्व समाज गुण्यागोविंदानें राहत आहे, संस्थेची उगाच बदनामी होईल, असें त्या निरोपाचें तात्पर्य होतें. कन्येनें वह्या परत नेल्या. माझें भांडण या निरोपाशीं आहे.

त्या पानांत आहे काय? १९७८ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस राज्याच्या विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्यापुढील दिवसांत मराठवाड्यांतील दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जाळलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं. विद्यापीठाच्या नांवांत बाबासाहेबांचें नांव प्रत्यक्ष येण्यास १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला. त्या दिवसांतील दोन्ही पक्षांचीं हस्तपत्रकें वहींत समोरासमोर लावलेलीं आहेत. तीं अन्यत्रहि सांपडतील. परंतु पुढच्या पानावर जें आहे तें दुसऱ्या कोठेंहि सांपडणार नाहीं. ती एक यादी आहे. त्या ऑगस्टांत वसतिगृह सोडून गेलेल्या सतरा विद्यार्थ्यांचीं नांवें, वर्ग आणि गांवें तींत आहेत. जो परत आला त्याच्या नांवापुढें तांबड्या शाईची खूण आहे. अशा खुणा सहा आहेत.

माझे स्नेही नामांतराच्या विरुद्ध होते. हें मीं ऐकीव सांगत नाहीं. त्यांनीं मागच्याच पानावर स्वतःच्या अक्षरांत तें कारणांसह नमूद केलें आहे, आणि तीं कारणें मला तेव्हांहि पटलीं नव्हतीं, आजहि पटत नाहींत. पण यादीच्या समासांत त्यांनीं आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे: या सतरांपैकीं एकाच्याहि घरीं आपण चौकशीस गेलों नाहीं. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या खळीनें चिकटवून ठेवणारा माणूस मोठा होता कीं नाहीं, याचा वाद मी घालीत नाहीं. असला पुरावा ज्या संस्थेस अडचणीचा वाटतो तिनें इतिहासाचें नांव घेऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, संस्थेनें आपलीं उणीं जगास कां दाखवावीं? तर आमच्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासांतील सर्वांत नांवाजलेलें भांडण घ्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं स्थापन झाली, फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें, आणि १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. आजीव सभासदांनीं बाहेरची प्राप्ति करावी कीं न करावी, संस्थेच्या कामांत सर्व वेळ द्यावा कीं न द्यावा, हा वाद किती खोल गेला होता, हें आम्हांस कळतें तें टिळकांनीं राजीनाम्याबरोबर लिहिलेलें विस्तृत निवेदन शिल्लक राहिलें म्हणून. तें त्या वेळीं कोणा समंजस चिटणीसानें संस्थेच्या अब्रूसाठीं चुलींत घातलें असतें, तर पत्रकारितेच्या वाढत्या व्यापामुळें टिळकांनीं निवृत्ति पत्करली, असें एखादें गुळगुळीत वाक्य आपण आज शाळेंत पाठ करीत असतों. त्या निवेदनानें फर्ग्युसन कॉलेज बुडालें नाहीं. आगरकर, गोखले आणि टिळक ही माणसें कशासाठीं एकमेकांशीं झगडलीं, हें मात्र आम्हांस कळलें.

आणखी एक दाखला देतों, कारण समितींतील एक सभासद स्वतः इतिहासाचे पदवीधर आहेत. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पानिपतापर्यंतच्या दशकांतील पत्रें आहेत. पानिपतांत आपली नामुष्की झाली, सबब तीं पत्रें तेवढीं वगळा, असा निरोप राजवाड्यांस कोणी पाठविला असता तर त्या तापट पुरुषानें निरोप्याची काय गत केली असती, याची कल्पना वाचकांनींच करावी. राजवाड्यांच्या नांवानें आम्ही व्याख्यानमाला भरवितों, माळ्यामाळ्यांवरून त्यांनीं दप्तरें कशीं उतरविलीं याच्या गोष्टी मुलांस सांगतों, आणि आमच्या डोळ्यांदेखत आमचेंच दप्तर रद्दींत जातें! मूल्यांकनाची समिति येणार म्हणून खोल्या स्वच्छ करतांना वीस वीस वर्षांचीं हजेरीपत्रकें वजनावर विकलेलीं मीं पाहिलीं आहेत. रद्दीवाल्याची हातगाडी मागच्या दारानें जात होती आणि पुढच्या दारीं रांगोळी चालली होती.

वह्यांचीं यंत्रानें छायाचित्रें घेऊन मूळ वह्या टाकून द्याव्या, असा एक नवा तोडगाहि समितीच्या बाजूनें सुचविण्यांत आला. छायाचित्रें अवश्य घ्यावीं. कसर आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं. परंतु छायाचित्रांत नको तें पान गाळणें फार सोपें असतें. मूळ वहींतून पान फाडलें तर शिवणीपाशीं दातरे राहतात, व पुढें येणाऱ्यास येथें कांहीं होतें एवढें तरी समजतें. शिवाय या वहींत कागदावर कागद आहेत. खानावळीच्या हिशेबाची घडी उलगडली कीं मागें उधारी बुडविणाऱ्यांचीं नांवें निघतात. त्यांत माझेंहि नांव आहे, कारण त्या गांवीं एक वर्ष मीं काढलें आहे. चौदा रुपये. समितीच्या न्यायानें पाहतां हेंहि पान फाडावयास हवें.

एक आक्षेप मात्र मी मानतों. यादींतील माणसें आज हयात आहेत, त्यांचीं मुलें नोकऱ्यांत आहेत. आपलें नांव कांचेच्या कपाटांत टांगलें जावें असें त्यांस वाटेलच असें नाहीं. हा प्रश्न खरा आहे. परंतु तो समितीनें विचारलाच नाहीं. तिला चिंता संस्थेच्या नांवाची होती, त्या सतरा नांवांची नव्हे. ज्यांचीं नांवें आहेत त्यांस विचारावें. ते म्हणतील तर तें पान अमुक वर्षें मोहोरबंद ठेवावें. दप्तरखान्यांत असें करतात, आणि त्यास कांहीं मोठा खर्च येत नाहीं. फाडणें आणि मोहोर करणें या दोन क्रिया एकच आहेत असें ज्यांस वाटतें त्यांच्या हातीं मी तर घरच्या वाणसामानाचीं बिलेंहि देणार नाहीं.

वह्या सध्यां माझ्याकडे आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटींत यादींतील एक गृहस्थ त्या पाहावयास आले होते. आपल्या नांवापुढें खूण नाहीं, हें त्यांनीं पाहिलें व त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. मग तिसऱ्या नांवावर बोट ठेवून ते म्हणाले कीं, हा पुढें नांदेडास जाऊन पदवीधर झाला, तेवढें नोंदून ठेवा. तें मीं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या पानांत घातलें आहे. वहींत चिकटविलेलें नाहीं.