सेकंड हँड स्पोर्ट्स कार, ३८ हजारांची वॉरंटी आणि तुमचं भांडवल



मागच्या बॅचमधला एक मुलगा परवा दुकानात आला. लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. दोन कॅमेरे, एक ड्रोन, हाताखाली दोन पोरं, धंदा चांगला बसवलाय त्याने. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "दादा, पुण्याले एक गाडी पाह्यली. २०१७ ची, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. डीलर सव्वासहा लाख म्हणते. वारंटी पाहिजे असन तं वरून अडतीस हजार. घ्याव का नाही?"

मी विचारलं, "काय, गाडी?"

"गाडी तं घेतोच आहो. वारंटीचं सांगा."

राजेहो, इथेच खरी गंमत आहे. सव्वासहा लाखाचा निर्णय मनाने कधीच झालेला असतो आणि डोकं फक्त अडतीस हजारांसाठी वापरायचं असतं. आपण सगळे असंच करतो, मीही केलंय. पण तो माझ्याकडे वॉरंटीचं विचारायला आला हे बरं झालं, कारण वॉरंटीचं उत्तर शोधताना गाडीचं उत्तर आपोआप निघतं.

आधी एक कबुली देतो. मी स्वतः एक्स्टेंडेड वॉरंटी विकतो. माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, फ्रिज-टीव्हीसोबत दोन वर्षांची जादा वॉरंटी देतो, आणि कधी कधी फ्रिजवर सुटतं त्यापेक्षा जास्त त्या कागदावर सुटतं. क्लेम घेऊन परत आलेली गिऱ्हाइकं बोटांवर मोजावी इतकी. म्हणून २० हजारांच्या फ्रिजवर वॉरंटी घ्यावी का, असं ओळखीच्या माणसाने विचारलं तर मी सरळ सांगतो, नका घेऊ. बिघडला तर दोन-तीन हजारांत आपला गावातला माणूस दुरुस्त करून देतो. जे नुकसान आपल्याला आपल्या गल्ल्यातून सहज भरता येतं, त्याचा विमा दुसऱ्याकडे काढायचा म्हणजे त्याचा नफा आपण भरायचा.

पण गाडीचं, त्यातही अशा गाडीचं, गणित नेमकं उलटं पडतं.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे काय ते आधी बघा. खरी फेरारी वगैरे आपल्या रस्त्याला येत नाही. सचिन तेंडुलकरने २९ कसोटी शतकांची ब्रॅडमनशी बरोबरी केली तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली होती. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. म्हणजे तीसुद्धा सेकंड हँडच! पण तो घेणारा माणूस दुरुस्तीच्या बिलाला घाबरणारा नव्हता. आपली पोरं बघतात त्या पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, अबार्थ पुंटो अशा गाड्या. दिसायला साधी हॅचबॅक, पण इंजिन टर्बो. पोलो जीटी टीएसआयला तर ड्युअल क्लच गिअरबॉक्स. नवीन होत्या तेव्हा दहा लाखांच्या आसपासच्या, आता निम्म्यात मिळतात. किंमत निम्मी झाली, पण टर्बो आणि गिअरबॉक्सचा पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाही. उलट महाग झालाय. आणि या तिन्ही गाड्या आता नवीन मिळत नाहीत.

मी पुण्यातल्या ओळखीच्या एका वर्कशॉपला फोन लावला. अशा गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं तर किती, विचारलं. लाखाच्या वरचा आकडा सांगितला त्याने, मजुरी वेगळी.

आता या मुलाचा हिशेब असा: तीन लाख साठवलेले, बाकी कर्ज. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, त्याआधी एक नवा कॅमेरा घ्यायचाच आहे. म्हणजे गाडी घेतल्यावर हातात उरतात चाळीस-पन्नास हजार. नोव्हेंबरात गिअरबॉक्स गेला तर? कॅमेरा जाईल. कॅमेरा गेला की बुकिंग जाईल. फ्रिज बिघडल्याने माझं दुकान बंद पडत नाही, पण या गाडीचा एक पार्ट त्याचा धंदा एका सीझनसाठी बसवू शकतो. वॉरंटी लागते ती अशाच ठिकाणी.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ नावाचे अमेरिकन प्राध्यापक आहेत. त्यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बीबीएला असताना मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, कळलं गाडी घेतल्यावर. मुद्दा साधा आहे: विकणाऱ्याला गाडीचं पोट माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. चांगल्या गाडीवाल्याला तो भाव परवडत नाही, तो विकतच नाही. मग बाजारात उरतं काय? म्हणून कंपनीची वॉरंटी संपल्यावर दोन-तीन महिन्यांत विकायला आलेली गाडी दिसली की मी पहिला प्रश्न विचारतो, आत्ताच का बरं?

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक सेकंड हँड सेडान घेतली, डीलरने दिलेल्या बाहेरच्या कंपनीच्या वॉरंटीसकट. आठव्या महिन्यात टर्बो गेला. मी खुशीत, कारण कागद खिशात होता. क्लेम नाकारला. कारण काय, तर आधीच्या मालकाने एक ऑइल चेंज ठरलेल्या किलोमीटरपेक्षा उशिरा केला होता आणि तोही साध्या गॅरेजमध्ये. माझी चूक नव्हती, पण मी सही केलेल्या पुस्तिकेत ती अट होती. बारीक अक्षरात, अकराव्या पानावर. ९२ हजार गेले, आणि ते दिवाळीच्या मालाचे होते. त्या दिवाळीला माझ्या दुकानात मोठे टीव्ही नव्हते. समोरच्या दुकानात होते. त्याने तेव्हा जोडलेली दोन-चार गिऱ्हाइकं आजही त्याच्याकडेच जातात.

तेव्हा वॉरंटी घ्या, पण आधी पुस्तिका मागा. घोषणापत्रक नाही, अटींची पूर्ण पुस्तिका, पैसे देण्याआधी. त्यात मी काय शोधतो? सगळ्यात आधी, वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची. कंपनीची असेल आणि आधीच्या मालकाकडून तुमच्या नावावर होत असेल तर अर्धी लढाई जिंकली. मग, टर्बो, गिअरबॉक्स, ईसीयू यांची नावं त्यात लिहिलेली आहेत का. "इंजिन आणि ट्रान्समिशन" एवढंच लिहिलं असेल तर भांडण ठरलेलं. क्लच बहुतेकदा "झीज" म्हणून बाहेर काढतात, ते बघा. एका क्लेमला कमाल किती रुपये, तेही बघा. पन्नास हजारांची मर्यादा असेल तर लाखाच्या पार्टला तिचा उपयोग अर्धाच. आणि काम कुठे करायचं? आपल्याला फुलसावंगीहून नांदेड किंवा यवतमाळ गाठायचं आहे, आणि तिथे त्या कंपनीचं वर्कशॉप नसेल तर नागपूर. बंद गाडी टोइंग करून नेण्याचा खर्च वॉरंटीत आहे का? पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही, कारण त्याचं वर्कशॉप रिक्षाच्या अंतरावर असतं.

आपल्या गावात हुशार हातांची कमी नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावच्या एका तरुण कारागिराने स्वतः हेलिकॉप्टर बनवलं आणि त्याच्याच चाचणीत जीव गमावला. अख्ख्या देशाने तेव्हा फुलसावंगीचं नाव ऐकलं. वेल्डिंग, बॉडी, सस्पेन्शन, आपली पोरं काहीही करतील. पण या गाड्यांचा बिघाड बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि त्याला कंपनीचं स्कॅनर लागतं. शिवाय गावात उघडलेली गाडी वॉरंटीवाला हातात घेत नाही. मंजुरी येईपर्यंत बोनेटला हात लावायचा नाही, ही अट जवळजवळ सगळीकडे असते.

कंपनीच देशातून निघून गेली तर, हाही विचार करा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात शेवरोले विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवू असं दोघांनीही सांगितलं, पण वर्कशॉप कमी झाली की आपल्यासारख्या गावाचं अंतर वाढतं.

अजून एक गोंधळ नेहमी दिसतो. "दादा, फुल इन्शुरन्स आहे, वॉरंटी कशाला?" इन्शुरन्स अपघात, चोरी, पूर, आग यांचा. गिअरबॉक्स आपोआप गेला तर इन्शुरन्स कंपनी एक रुपया देत नाही. इंजिन प्रोटेक्टचा जोडही मुख्यतः पाणी शिरण्यासारख्या नुकसानीसाठी असतो. आणि गाडी घेतली की तिची पॉलिसीही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

बिल कुणाच्या नावाने घ्यायचं, हा तुमच्या-माझ्यासारख्यांचा खास प्रश्न. पोरगं म्हणालं, "फर्मच्या नावावर घेतो, जीएसटी भेटन." नाही मिळत. प्रवासी गाडीवर आणि तिच्या दुरुस्तीवर आपल्यासारख्या धंद्याला इनपुट क्रेडिट अडवलेलं आहे. डीलर "१८ टक्के जीएसटी वेगळा" म्हणत पूर्ण किमतीवर लावत असेल तर थांबवा त्याला. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर १८ टक्के ठरवला तो डीलरच्या मार्जिनवर, पूर्ण किमतीवर नाही. आणि गाडी फर्मच्या नावावर असेल तर उद्या ग्राहक आयोगात समोरचा वकील पहिलं वाक्य बोलेल, "ही खरेदी व्यावसायिक हेतूने आहे." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा अपवाद आहे. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे हे खरं, पण ते सिद्ध करत बसायचं कशाला? गाडी स्वतःच्या नावावर घ्या. वाद झालाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि यवतमाळला जिल्हा आयोग आहे.

मग माझं मत काय? अडतीस हजार जास्त नाहीत, पुस्तिका चांगली असेल तर. पण त्याला मी दुसरंही सांगितलं, आणि ते त्याला आवडलं नाही. गाडीची किंमत देऊन झाल्यावर एक लाख रुपये बँकेत वेगळे ठेवता येत नसतील, तर ही गाडी आत्ता तुझी नाही. साधी मॅन्युअल मारुती घे, साडेतीन लाखांची, वॉरंटीशिवाय. कॅमेरा घे. दोन सीझननंतर पुण्याला मी तुझ्यासोबत येतो गाडी बघायला. त्यावर म्हणाला, "दादा, नवरदेवाच्या मांडवात मारुतीनं गेलो तं रेट भेटत नाही." यातही तथ्य आहे, मी नाकारत नाही. आपल्या भागात गाडी बघून भाव ठरतो.

शेवटी एवढं ठरलं: डीलरकडून पुस्तिका व्हॉट्सॲपवर मागवायची, सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या वर्कशॉपमधून काढायची आणि पैसे लागले तरी तिथेच गाडी स्कॅनरवर लावून घ्यायची. तोवर टोकन द्यायचं नाही.

सर्व्हिस हिस्टरी त्याच दिवशी संध्याकाळी आली. पुस्तिका मागून आज पाच दिवस झाले. डीलर रोज फोन करतो, म्हणतो दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. पुस्तिका काही पाठवत नाही.