दहा हजार पावलं कुणी ठरवली?



आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर हल्ली सुविचारांच्या जोडीला पावलांचे आकडे येतात. कुणाचे ९,०००, कुणाचे १२,०००. चालायला माझा विरोध नाही, पावलं मोजणाऱ्या घड्याळालाही नाही. शतपावली हा शब्द आपलाच आहे, तेव्हा पावलं मोजणं आपल्याला नवं नाही. मला पटत नाही ते १०,००० हा आकडा नियमासारखा पाळणं.

तो आकडा प्रसिद्ध झाला तो एका यंत्राच्या नावामुळे. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विकायला सोपं नाव, तेच जगभर पसरलं. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांनी १६,००० हून अधिक अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. ७,५०० च्या पुढे मात्र फारसा फरक पडला नाही.

हे मी सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवलं. त्या ७४ वर्षांच्या. नातीने हौसेने घड्याळ दिलं आणि तेव्हापासून रोज रात्री ‘आजही पाच हजार झाली नाहीत’ म्हणून त्यांचा चेहरा उतरायचा. मग दुखरे गुडघे घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. गंमत म्हणजे सकाळी त्या दोन्ही हातांत अष्टद्रव्याची थाळी धरून मंदिरात जातात. हात हलत नाहीत, म्हणून घड्याळ त्यातली कितीतरी पावलं धरतच नाही! माझं घड्याळ मात्र चपात्या लाटतानाही पावलं वाढवून देतं. असल्या हिशेबावर किती जीव टाकायचा?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. ईर्या समिती आपण पाठशाळेत शिकलो: चार हात पुढची जमीन पाहत, जीव सांभाळत चालणं. व्रत साधूंचं, पण पाठ आपल्यालाही दिलेला. मग आकडा पुरा करायला भर पावसाळ्यात रात्री दहाला, नजर मनगटावर ठेवून, बागेतल्या ओल्या गवतातून चालायचं? गोगलगायी, गांडुळं, किडे तेव्हाच तर बाहेर पडलेले असतात. आर्यिका माताजी एरवी गावोगाव अनवाणी विहार करतात आणि चातुर्मासात एका ठिकाणी राहतात, ते याच जीवांसाठी.

घड्याळाला थांबणं कळत नाही. जरा वेळ बसलं की ‘उठा’ म्हणून मनगटावर थरथरतं. सामायिकाची ४८ मिनिटं तरी ते कपाटात ठेवा. आणि दशलक्षणात निर्जळ उपवासाच्या दिवशी साखळी तुटू नये म्हणून चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चक्कर आली तर पुण्य राहील बाजूला, सलाईन लागेल.

परिग्रहाचं परिमाण आपणच ठरवतो ना, तसा पावलांचा आकडाही आपणच ठरवावा. आपल्याकडे तर सोयही आहे. जेवणं सूर्यास्तापूर्वी होतात, त्यामुळे दिवेलागणीच्या आत वीसेक मिनिटं उजेडात चालता येतं. ओटा तेवढा वेळ थांबू शकतो, मी ठेवून बघितला आहे. डॉक्टरांना विचारून सासूबाईंचे ४,००० ठरवलेत, गुडघे दुखतील त्या दिवशी ३,०००.

येत्या चातुर्मासात ग्रुपवर आकडे टाकणं बंद करावं, असं मी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. १२,०००वाल्या रागावतील, माहीत आहे. पण बरेच दिवस ग्रुपवर गप्प असलेल्या दोघींनी आपणहून फोन केला. त्या बैठकीला येणार आहेत.