खेळ थांबला, नोंदवही उघडीच

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. लोकसभेने २० तारखेला आणि राज्यसभेने २१ तारखेला विधेयक संमत केले, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम इलेव्हनसह अनेक कंपन्यांनी पैशांचे खेळ तातडीने थांबविले. त्यानंतर झालेल्या चर्चेत कोणी उद्ध्वस्त कुटुंबांचे दाखले दिले, कोणी बुडालेल्या महसुलाचा हिशेब मांडला, तर कोणी बेकार झालेल्या तरुणांची बाजू घेतली. हे सारे मुद्दे रास्तच होते. परंतु एक प्रश्न या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. खेळ बंद झाला, पण खेळाडूंची नोंदवही कोठे आहे?

ही नोंदवही साधी नव्हे. एप्रिल २०२३ पासून अशा खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के उद्गम करकपात लागू झाली. त्यामुळे पॅन क्रमांक, बँक खाते आणि ओळखीचा पुरावा घेणे कंपन्यांना भागच होते. काही राज्यांत असे खेळ आधीपासून निषिद्ध असल्याने खेळाडू कोणत्या ठिकाणाहून खेळतो याचीही नोंद ठेवली जाई. त्यात खेळाची स्वतःची नोंद मिळवा : कोण किती वाजता खेळला, किती हरला, हरल्यानंतर पुन्हा किती लावले. एखाद्या कारकुनाने पगाराच्या दुसऱ्याच दिवशी मध्यरात्री किती पैसे घालविले हे त्याच्या पत्नीला ठाऊक नसेल, पण त्या नोंदवहीला ठाऊक आहे. अशी वही सावकाराच्या किंवा भामट्याच्या हाती लागली, तर तिचे मोल काय होईल हे निराळे सांगावयास नको. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा दूरध्वनी कोणाला करावयाचा याची तयार यादीच ती.

नाशिककरांना जोखमीच्या कागदाची राखण म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांत नोटा, मुद्रांक आणि पारपत्रे छापली जातात, आणि तेथे प्रत्येक कागद मोजून घेतला व मोजून दिला जातो. २०२१ साली चलनी नोटांच्या मुद्रणालयात पाच लाख रुपयांच्या नोटांचा हिशेब लागेना, तेव्हा प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. छापलेली नोट नाहीशी झाली तर मोजणीत तूट दिसते. माहितीचे तसे नाही. तिची नक्कल होते आणि मूळ जागच्या जागी राहते. तूट दिसत नाही म्हणून चोरी झाली हेही कळत नाही. सोनीच्या प्लेस्टेशन या खेळजाळ्यावर २०११ साली हल्ला झाला, तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. ज्या वस्तूची चोरी मोजणीत सापडत नाही, तिचे रक्षण करण्याचा खरा उपाय एकच : ती मुळात गोळा न करणे, आणि केलीच तर काम संपताच पुसून टाकणे.

आपला कायदा हे तत्त्व मानतो, असे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमती स्पष्ट शब्दांत घ्यावी आणि कामापुरतीच माहिती घ्यावी, असे हा कायदा सांगतो. त्यात दिलेले उदाहरण बोलके आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेने रुग्णाच्या मोबाइलमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ती देण्यास होकार दिला, तरी सल्ल्यासाठी यादीची गरज नसल्याने तो होकार यादीला लागू होत नाही. हाच न्याय पत्त्यांच्या किंवा मोटारींच्या शर्यतीच्या खेळाला लावला, तर आज मागितल्या जाणाऱ्या किती परवानग्या टिकतील?

मात्र तत्त्व मान्य करणे आणि ते वेळेवर अमलात आणणे यांत अंतर असते. प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाच्या आहेत. हक्क मान्य झाल्यापासून जवळजवळ दहा वर्षांनी! पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत खेळाडू असलेल्या कंपनीने तीन वर्षे न फिरकलेल्या खेळाडूची माहिती पुसावी असा नियम आहे, परंतु ही तीन वर्षे खेळाडूच्या शेवटच्या भेटीपासून किंवा नियम लागू झाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेथून मोजावयाची आहेत. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये थांबलेल्या खेळाची नोंद या दशकाच्या अखेरीपर्यंत राहू शकते. एका कायद्याने खेळ एका आठवड्यात थांबविला. दुसरा कायदा त्याच खेळाची वही मिटण्यास वर्षानुवर्षांची सवड देतो. करवसुली आणि आर्थिक गुन्ह्यांच्या तपासासाठी काही कागद जपावे लागतात हे मान्य. पण मनुष्य रात्री किती वाजता हरला, ही नोंद कोणत्या कराच्या आकारणीस लागते?

मुलांच्या बाबतीत हा कायदा अधिक कडक आहे, आणि तेथेच त्याची खरी कसोटी आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येकजण त्याच्या लेखी बालक आहे. त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवता येणार नाही आणि त्याला हेरून जाहिराती दाखविता येणार नाहीत. अमेरिकेत ही वयोमर्यादा १३ आहे, युरोपात देशपरत्वे १३ ते १६. मुलांच्या माहितीचे नियम मोडल्याबद्दल फोर्टनाइट या खेळाच्या कंपनीला अमेरिकेत २०२२ साली २७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला. तेव्हा पाळतीवरील बंदी योग्यच होय. पण पालकांच्या संमतीचे व्यवहारात काय होणार? बालक कोण हे ओळखावयाचे तर प्रत्येकाचेच वय तपासावे लागेल आणि मुलाची माहिती वाचविण्यासाठी आईवडिलांची ओळख कंपनीच्या हाती द्यावी लागेल. डिजिलॉकरसारख्या सेवेकडून केवळ खूणपत्र घेऊन हे काम साधता येईल, अशी सोय नियमांत आहे. ती सोय पर्याय न राहता रिवाज झाली पाहिजे. अन्यथा एक वही बंद करण्यासाठी आपण दुसरी उघडू. शिवाय शिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक आहे की, पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो, तो वडिलांच्या नावावर असतो, आणि त्यावर खेळतो मुलगा. कंपनीच्या दृष्टीने तो खेळाडू चाळिशीचा गृहस्थच असतो.

खेळ तयार करणाऱ्यांचीही बाजू आहे. पुण्यामुंबईत खेळ रचणारे तरुण आज थोडे नाहीत, आणि नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतूनही तशी मुले बाहेर पडत आहेत. चारपाच जणांच्या गटाला वकील, लेखापरीक्षक आणि तक्रार अधिकारी परवडणार नाहीत. युरोपचा माहिती संरक्षण कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हा काही छोट्या खेळांनी खर्च झेपत नाही म्हणून आपली दारे कायमची लावून घेतली. बड्या कंपन्या मात्र टिकल्या. आपल्या कायद्यात नवउद्योगांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. पण सूट लहानपणाबद्दल द्यावी हे बरोबर नाही. लहान कंपनीही लाखो मुलांची माहिती बाळगू शकते. सूट द्यावयाची ती काहीच न गोळा करणाऱ्याला द्यावी. नाव, पत्ता, संपर्कयादी यांपैकी काही न घेता खेळ देणाऱ्याला कागदपत्रांच्या जंजाळातून मोकळे केले, तर उद्योगही जगेल आणि खासगीपणाही.

‘माझ्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय?’ असे पुष्कळ सज्जन विचारतात. त्यांनी कायद्यातील एक उणीव ध्यानात घ्यावी. निष्काळजीपणाबद्दल कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची तरतूद आहे, परंतु नवा कायदा पूर्णपणे लागू होताच तेही कलम रद्द होणार आहे. घर फुटले आमचे आणि दंड गेला तिजोरीत, असा हा न्याय आहे.

म्हणून सरकारकडे तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. बंद झालेल्या पैशांच्या खेळांतील जी नोंद कर किंवा तपासासाठी लागत नाही, ती मे २०२७ ची वाट न पाहता पुसण्याचा आदेश काढावा. नुकसान सोसणाऱ्यास भरपाईचा हक्क पुन्हा द्यावा. आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा जो पर्याय कायद्याने दिला आहे, तो मराठीपुरता तरी पहिल्या दिवसापासून पाळला जातो की नाही हे पाहावे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांइतकेच महत्त्व, सामान्य माणसाला आपण कशास होकार देत आहोत हे स्वभाषेत समजण्यास आहे. न समजता दिलेला होकार हा होकार नव्हे. ज्या वहीत आपले नाव लिहिले जाते, ती वाचण्याचा आणि काम सरल्यावर मिटविण्याचा अधिकार नाव देणाऱ्याचाच असला पाहिजे.